काय दिसले ते सांगा



शाळेची प्रार्थना चालू आहे. ऊन चढू लागले आहे. रांगेत उभा असलेला एक मुलगा जरासा डुलतो आणि धाडकन खाली पडतो. पुढे काय होते ते आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेले आहे. प्रार्थना थांबते. मुलांचे कडे पडते आणि बिचाऱ्याला वाराही लागेनासा होतो. कोणी म्हणतो, कांदा फोडा. कोणी पायातली चप्पल काढून नाकाशी धरतो. कोणी दातांत चमचा घालायला धावतो. दोनचार मिनिटांनी पोर उठून बसते, कोणीतरी त्याला चहा पाजतो, आणि झाल्या गोष्टीला एक नाव मिळते. 'चक्कर आली', 'फीट आली', 'बाहेरचं काहीतरी आहे', किंवा 'नाटक करतंय'. एकदा नाव मिळाले की पाहणारे निश्चिंत होतात. काय पाहिले ते विसरून जातात, आणि नाव तेवढे लक्षात राहते.

या नावाविषयीच आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. मी डॉक्टर नव्हे. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्णनपर निबंध कसा लिहावा, हे मी गेली वीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. आणि माझ्याच मुलीच्या दुखण्याचे धड वर्णन मला करता आले नाही, म्हणून सहा महिने तिचे निदान चुकले. ही कबुली द्यायला संकोच वाटतो. पण ऐकणाऱ्यांपैकी एखाद्या घराला तिचा उपयोग होईल, म्हणून सांगतो.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. अंगाने सडपातळ, पायांत वारा. शाळेच्या खोखो संघात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तालुक्याच्या सामन्यांचा सराव चालू असताना ती मैदानावर कोसळली. मला निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. शाळेत पोहोचेपर्यंत ती बाकावर बसून लिंबूपाणी पीत होती. गुडघे आणि हनुवटी खरचटलेली. 'काही नाही बाबा, पाय अडकला,' म्हणाली. आम्हीही सोडून दिले. पोरीने सकाळी नीट खाल्ले नसेल, असे तिच्या आईचे म्हणणे पडले.

दिवाळीनंतर ती पुन्हा पडली. एस.टी. निघाली म्हणून दप्तर घेऊन धावत सुटली आणि स्थानकाच्या फाटकापाशी कोसळली. हातापायांना झटके आले असे लोकांनी सांगितले. तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. गावाहून माझी आई आली. तिने आल्या आल्या दृष्ट काढली, अंगारा लावला, आणि एका जाणत्याकडे नेऊन आणले. मी विरोध केला नाही. शिकल्यासवरलेला माणूस भ्याला की त्याचे शिक्षण किती पातळ असते, हे मला त्या आठवड्यात कळले.

मग आम्ही शहरात गेलो. दवाखान्यात गर्दी फार. आमच्या वाट्याला आलेल्या पाचसात मिनिटांत मी डॉक्टरांना सांगितले, 'हिला दोनदा फीट आली. शुद्ध हरपली, हातपाय झटकले.' डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला. त्यात थोडा फरक आहे असे ठरले, आणि फीट थांबवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मीच त्यांच्या हाती तयार नाव ठेवले होते.

गोळ्यांनी मुलगी सुस्तावली. वर्गात डोळे मिटू लागली. सहामाहीत पंचाऐंशी टक्के मिळवणारी पोर चाचणीत साठावर आली. शाळेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, अभ्यास चुकवायला पडते. कोणी म्हणे, हिच्या शेजारी बसू नका. घरी तिची आई रात्री हळू आवाजात विचारी, 'पुढं हिच्या लग्नाचं काय व्हायचं?' आणि जानेवारीत, गोळ्या नियमाने चालू असताना, शाळेच्या क्रीडामहोत्सवात दोनशे मीटर धावताना ती तिसऱ्यांदा पडली. खेळायचे नाही असे आम्ही बजावले होते. ती ऐकली नव्हती.

आता गोळी वाढवायची की आणखी काही करायचे, अशा विचारात असताना एका सहकाऱ्याने मला एका वयस्क डॉक्टरांकडे पाठवले. मी नेहमीचे वाक्य सुरू केले, 'हिला फीट येते...' त्यांनी हात वर करून मला थांबवले.

'नाव सांगू नका. नाव शोधायचं काम माझं. काय दिसलं ते सांगा.'

मी गप्प. त्यांनी विचारले, 'तुम्ही स्वतः पाहिलंत?'

'नाही.'

'यांनी?' त्यांनी माझ्या पत्नीकडे पाहिले. तिनेही मान हलवली.

'मग ज्यानं पाहिलं त्याला घेऊन या. मुलगी तर बेशुद्ध होती, तिला काय ठाऊक? आणि तुम्ही सांगताहात ते ऐकीव.'

श्रोतेहो, मी एम.ए. झालेला माणूस. साक्षीदाराची साक्ष आणि बाजारातली वार्ता यांतला फरक मला कळू नये? पण आपल्या पोराचे दुखणे आले की आपणही बाजारातलीच वार्ता सांगत सुटतो.

पुढच्या आठवड्यात मी मुलीच्या मैत्रिणीला, तिच्या वडिलांना आणि शाळेच्या खेळाच्या सरांना बरोबर घेऊन गेलो. मैत्रीण चौदा वर्षांची, शेतमजुराची मुलगी. आधी बुजली. पण डॉक्टरांनी तिला समोर बसवून एकेक प्रश्न विचारला, तशी ती सांगू लागली. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

'ती पळत होती, सर. थांबली नाही, डोकं धरलं नाही. पळता पळताच पडली. हात पुढं केलेच नाहीत, तोंडावरच पडली. ओरडली बी नाही. पांढरीफटक झाली होती. आधी नुसती गप पडली, आन् मग हातपाय जरा उडाले. मी भिऊन आकडे मोजले, वीस-पंचवीस झाले असतील. मग तिनं डोळे उघडले आणि मला विचारलं, माझा खो गेला का गं?'

डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिले. 'डोळे उघडल्या उघडल्या हे विचारलं? आपण कुठं आहोत हे तिला कळत होतं?'

'व्हय. लगेच. उठायला बी लागली होती.'

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, 'मोठी फीट येऊन गेलेलं मूल डोळे उघडल्याबरोबर खोची चौकशी करत नाही. ते बराच वेळ गोंधळलेलं असतं, झोपाळलेलं असतं. ही तिन्ही वेळा पळताना पडली आहे. आधी काही सूचना नाही, आणि उठली ती लख्ख भानावर. मला मेंदूपेक्षा हृदयाची शंका येते.'

मग त्यांनी विचारले, 'घरात तरुणपणी कोणी अचानक गेलं होतं?'

'नाही,' मी म्हणालो.

'झोपेत? अपघातात? पाण्यात बुडून?'

बुडून. हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. माझा धाकटा भाऊ १९९५ च्या उन्हाळ्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीत गेला. सोळा वर्षांचा होता. सातारा जिल्ह्यातले आमचे कोरडवाहू गाव. पण त्या विहिरीला पाणी होते, आणि गावातली सारी पोरे पाठीला डबा बांधून तिथेच पोहायला शिकली. भावाने मोटेच्या धावेवरून सूर मारला, दोन हात मारले आणि दगडासारखा खाली गेला.

'त्याला पोहता येत होतं?' डॉक्टरांनी विचारले.

'गावात त्याच्याइतकं पोहणारं कोणी नव्हतं.'

गावाने त्या मरणालाही एक नाव दिले होते. विहिरीतल्या साती आसरांनी त्याला ओढून नेले. त्या वर्षी आईच्या हातून आसरांची ओटी भरायची राहिली होती. म्हणजे दोष आईचा. कोणी तोंडावर बोलले नाही, पण तिने तो स्वतःकडे घेतला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे दर उन्हाळ्यात त्या विहिरीवर नारळ वाढवत राहिली.

डॉक्टरांनी मुलीच्या हृदयाचा आलेख काढला. ईसीजी म्हणतात तोच. पाचदहा मिनिटांचे काम, सुई टोचायची नाही, खर्चही बेताचा. यंत्राने कागदावर काय छापले आहे तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कंपासपेटीतल्या कर्कटकासारखे दुटोकी साधन घेऊन त्यांनी त्या वेड्यावाकड्या रेषेवर अंतर मोजले. मलाही दाखवले. आलेखाच्या कागदावरचा एक बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, अर्थात ४० मिलिसेकंद. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक विजेची लाट उठते. तिने हृदय आवळते, आणि मग पुढच्या ठोक्यासाठी ते पुन्हा भरून तयार होते. या सगळ्याला लागणाऱ्या वेळाला क्यू-टी अंतर म्हणतात. माझ्या मुलीचे ते अंतर सव्वाअकरा चौकोन, म्हणजे ४५० मिलिसेकंद भरले. नाडी मिनिटाला ७२ होती. नाडीचा हिशेब धरून आकडा ४९० च्या पुढे गेला. तो ४६० च्या वर दिसला आणि मूल कारणावाचून पडत असले, की डॉक्टर सावध होतात.

या दुखण्याला दीर्घ क्यू-टी विकार म्हणतात. हृदयाची बांधणी उत्तम असते. झडपा ठीक, स्नायू ठीक. म्हणून छातीला नळी लावून काही कळत नाही. बिघाड असतो तो विजेत. ठोक्यानंतर पुन्हा तयार व्हायला हृदयाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. अशा वेळी धावणे, पोहणे, भीती, राग किंवा एकदम झालेला मोठा आवाज यांनी हृदयाला जोराची चालना मिळाली तर त्याची लय बिघडते. ते नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. मेंदूला रक्त मिळत नाही, म्हणून माणूस कोसळतो आणि हातपायही झटकतो. फीट वाटते ती यामुळेच. बहुतेक वेळा काही सेकंदांत लय आपोआप सुधारते आणि मूल उठून बसते. कधीतरी एकदा सुधारत नाही. ज्या खेपेला सुधारत नाही ती शेवटची ठरू शकते. माझी मुलगी तीनदा त्या उंबऱ्यावरून परत आली होती, आणि आम्ही तिला झोपेच्या गुंगीत ठेवत होतो.

हा विकार रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी. साधारण दोन हजार माणसांत एकाला तो असतो असा अंदाज आहे. म्हणून डॉक्टरांनी घरातल्या सर्वांचे आलेख काढायला सांगितले. पत्नीचा आणि मुलाचा चांगला निघाला. माझा लांब निघाला. मला जन्मात कधी साधी घेरीही आली नव्हती. असेही होते म्हणे. एकाच घरात एकजण जातो आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. माझ्या आईचाही आलेख लांब निघाला. जनुकांची तपासणी आता आपल्या देशातही होते. तिने आमच्या बाबतीत निदान पक्के झाले.

आईला हे कसे सांगावे, हे मला कळत नव्हते. शेवटी डॉक्टरांनीच सांगितले. ते म्हणाले, 'तुमच्या मुलाची शवचिकित्सा झालेली नाही, तेव्हा खात्रीने मी काही म्हणू शकत नाही. पण त्याचं हृदय पाण्यात अडखळलं असावं, असंच मला वाटतं.' आई बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, 'म्हंजी माझ्या वटीपायी नव्हं?' डॉक्टर म्हणाले, 'नाही, आजी. तुमच्या ओटीपायी नाही.' आई पदर तोंडाला लावून रडली. त्या मुलासाठी ती आजवर रडली होती. पण त्या दिवसाचे रडणे निराळे होते.

आता मुलीला हृदयाचा वेग आवरणारी गोळी रोज दिली जाते. बीटा-ब्लॉकर नावाच्या वर्गातली ही गोळी आहे. तिच्या प्रकारच्या विकारात तिचा गुण चांगला येतो, पण एक दिवसही चुकवून चालत नाही. आधीच्या फिटेच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत थांबवल्या. इथे एक सूचना आवर्जून करतो. हे भाषण ऐकून कोणी आपल्या मनाने फिटेच्या गोळ्या बंद करू नका. फीट हे खरे दुखणे आहे, आणि गोळी अचानक थांबवली तर जीवावर बेतते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

मुलीच्या दप्तरात एक कार्ड असते. त्यावर विकाराचे नाव आणि टाळायच्या औषधांची यादी आहे. काही प्रतिजैविके, मलेरियावरची काही औषधे, उलटी थांबवणारी काही औषधे या विकारात घातक ठरतात. जुलाब झाले तरी आम्ही जपतो. जुलाबांत अंगातले पोटॅशियम कमी होते आणि हृदयाची वीज आणखी बिघडते. म्हणून क्षारसंजीवनीची पाकिटे घरात कायम असतात.

आता माझ्या घरची गोष्ट बाजूला ठेवतो आणि तुमच्या शाळेकडे, तुमच्या अंगणाकडे वळतो. पडणारे प्रत्येक पोर हृदयाचे रोगी असते, असे कृपा करून समजू नका. बहुतेक पोरे साध्या कारणाने पडतात. फार वेळ उभे राहिले, ऊन लागले, उपाशी होते, रक्त पाहिले, सुई टोचली, की पायांत रक्त साचते, नाडी मंदावते आणि घेरी येते. हिची खूण अशी की ती सांगून येते. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम सुटतो, मळमळते, कानांत आवाज होतो. मूल पांढरे पडून सैल होऊन खाली बसते किंवा कोसळते, आणि आडवे केल्याबरोबर मिनिटाच्या आत शुद्धीवर येते. एकदोन झटके हिच्यातही येतात. अशा मुलाला उठवून बसवू नये, आडवेच राहू द्यावे आणि पाय वर उचलून धरावेत. गर्दी हटवावी. पूर्ण शुद्धीवर आल्यावर पाणी द्यावे. वरचेवर असे होत असेल तर रक्त कमी आहे का हेही पाहून घ्यावे.

खरी फीट निराळी. अंग लाकडासारखे ताठ होते, मग एका लयीत झटके येतात, मिनिट-दोन मिनिटे चालतात. डोळे बहुधा उघडे असतात. जीभ कडेला चावली जाते, चेहरा निळसर होतो, कधी कपडे ओले होतात. झटके थांबल्यावर मूल गोंधळलेले, झोपाळलेले राहते. अशा मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ घालावे, जवळचे दगडधोंडे दूर करावेत. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा आणि चप्पल यांचा काडीचाही उपयोग नाही. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ ला फोन करावा.

तिसरा प्रकार मनाच्या ताणाचा. मूल बराच वेळ, दहापंधरा मिनिटेसुद्धा, पडून राहते. डोळे घट्ट मिटलेले असतात, अंग हलते ते थांबून थांबून. शिक्षक मित्रांनो, याला नाटक म्हणू नका. मूल ते मुद्दाम करत नसते. परीक्षेची धास्ती, घरातली भांडणे, किंवा जे बोलता येत नाही असे काहीतरी अंगावाटे बाहेर पडत असते. त्याला छडी नको, जाणता मानसतज्ज्ञ हवा, आणि तोवर कोणीतरी शांतपणे जवळ बसायला हवे.

आणि चौथा प्रकार हृदयाचा. धावताना, पोहताना, भीतीने किंवा दचकून पडणे. सूचना न देता पडणे. पडण्याआधी छातीत धडधडणे. घराण्यात कोणी चाळिशीच्या आत एकाएकी गेलेले असणे, किंवा पट्टीचा पोहणारा बुडालेला असणे. यांतली एकही गोष्ट असेल तर त्या मुलाचे धावणे-पोहणे त्या दिवसापासून थांबवा आणि ईसीजी काढून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. एक आलेख चांगला आला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. काहींचा दोष पट्ट्यावर चालवून काढलेल्या आलेखातच दिसतो. पडलेले मूल हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला एकाला पाठवा आणि आपण छातीच्या मधोमध तळहाताने जोरात, भराभर दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका.

शिक्षकांसाठी एक जुनी गोष्ट सांगतो. जर्मनीतील लाइपझिग येथील माइस्नर नावाच्या वैद्याने १८५६ मध्ये एका ग्रंथात ती नोंदली आहे. मूकबधिरांच्या शाळेतल्या एका मुलीच्या हातून काही आगळीक झाली, म्हणून तिला शाळेच्या प्रमुखांपुढे उभे केले. ती तिथेच कोसळली आणि मरण पावली. आईवडिलांना कळवले तेव्हा त्यांना फारसे नवल वाटले नाही. तिची दोन भावंडे आधी अशीच गेली होती. एक भीतीने, दुसरे रागाच्या भरात. माइस्नरला कारण कळणे शक्य नव्हते. तेव्हा हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्रच नव्हते. पण जे दिसले ते त्याने नीट लिहून ठेवले. पुढे १९५७ मध्ये नॉर्वेतील जेर्वेल आणि लांगे-नील्सेन या डॉक्टरांनी एका कुटुंबातील चार बहिऱ्या मुलांचे वर्णन केले. ती मुले वरचेवर बेशुद्ध पडत आणि त्यांच्या आलेखात क्यू-टी अंतर लांब होते. त्यांतली तीन लहानपणीच दगावली. १९६३ मध्ये इटलीच्या रोमानो यांनी आणि १९६४ मध्ये आयर्लंडच्या वॉर्ड यांनी चांगले ऐकू येणाऱ्या मुलांतही हाच विकार दाखवून दिला. तेव्हा कुठे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मुलीच्या मरणाचा अर्थ लागला. जन्मतः बहिरे मूल वरचेवर बेशुद्ध पडत असेल, तर त्याचा आलेख काढायला विसरू नका.

आता एक छोटी सूचना. प्रत्येक शाळेने एक वही ठेवावी. मूल पडले की आधी त्याची काळजी घ्यावी, आणि मग त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, पाहणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. पडण्याआधी काय करत होते? उभे होते, बसले होते की धावत होते? आधी काही बोलले का? रंग कसा झाला? डोळे उघडे की मिटलेले? हात पुढे केले का? झटके किती वेळ? घड्याळ पाहा, अंदाजाने सांगू नका. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहासारखे वाटते. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द काय उच्चारला? जवळ मोबाईल असेल तर एकाने चित्रण करावे. मात्र ते डॉक्टरांना दाखवण्यासाठी, गावभर फिरवण्यासाठी नव्हे. आणि वहीत 'फीट', 'चक्कर', 'नाटक' असले एकही नाव लिहू नये.

माझी मुलगी आता बरी आहे. गोळी सुरू झाल्यापासून ती एकदाही पडली नाही. खोखो मात्र सुटला. ते दुःख तिला आहे आणि आम्ही ते लपवत नाही. सामन्यांना जाते, मैदानाच्या कडेला बसून गुण मांडते, आणि कधीकधी घरी येऊन जेवत नाही. एकदा मी तिला समजावू लागलो, तर म्हणाली, 'बाबा, खेळ गेला त्याचं वाईट वाटतंच. पण मी ढोंग करते असं आता कोणी म्हणत नाही, ते बरं वाटतं.' पंधरा वर्षांच्या पोरीला हे ओझे आम्ही मोठ्या माणसांनी सहा महिने वाहायला लावले होते.

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा आता तिच्या त्या मैत्रिणीकडे जातो. माझ्या मुलीचे निदान झाले ते यंत्राने खरे. पण यंत्र कुठे लावायचे हे सांगितले त्या चौदा वर्षांच्या मुलीने. तिला रोगांची नावे येत नव्हती. तिने पाहिले ते सांगितले.